डबा तुमचा, लाईट बिल आमचं: इंटरनेटवाल्या कंपन्यांना खुलं पत्र

घरोघरी इंटरनेट देणाऱ्या आणि त्यासाठी लागणारे डबे बनवणाऱ्या तमाम कंपन्यांना,

नमस्कार. पत्र लांबणार आहे हे आधीच सांगते. आणि विषय स्पीडचा नाहीये, त्यामुळे "राऊटर एकदा बंद करून चालू करा" हे उत्तर प्लीज पाठवू नका. विषय विजेचा आहे. तुमचा माणूस भिंतीवर ठोकून गेलेला तो पांढरा डबा दिवसाचे २४ तास, वर्षाचे ३६५ दिवस वीज खातो आणि नक्की किती खातो हे तुमच्या एकाही कागदावर मला सापडलं नाही. खोक्यावर स्पीड आहे, अँटेना किती ते आहे, किती फोन जोडता येतील ते आहे, हसणाऱ्या कुटुंबाचा फोटोसुद्धा आहे. वॉट नाहीत.

सुरुवात बाबांपासून झाली. ते रात्री झोपायच्या आधी घरभर फिरून बटणं बंद करतात, टीव्हीचं, चार्जरचं, मिक्सरचं, आणि राऊटरपाशी आले की थबकतात कारण त्याला हात लावला की मी ओरडते. एका रात्री त्यांनी डब्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अगं, हा तापलाय. सगळे झोपलेत, मग हा कोणासाठी राबतोय?" मी म्हटलं, अहो बाबा, जाऊ द्या ना, किती खाणारे खाऊन खाऊन. तर ते चष्मा लावून अ‍ॅडाप्टरवरची ती मुंगीएवढी अक्षरं वाचायला बसले, त्यात इनपुटपुढे ०.६ अँपिअर लिहिलेलं दिसलं, २३० व्होल्टने गुणलं आणि जाहीर केलं की हा डबा १३८ वॉट खातो. मग दुसऱ्या दिवशी सकाळी चहासोबत मला भाषण.

आता बाबांचा गुणाकार बरोबर होता पण उत्तर साफ चुकीचं होतं, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. तो ०.६ अँपिअर म्हणजे अ‍ॅडाप्टर जास्तीत जास्त किती करंट ओढू शकतो तो आकडा, तोही कमी व्होल्टेजवरचा, कारण तोच अ‍ॅडाप्टर १०० ते २४० व्होल्टवर कुठेही चालावा असा बनवलेला असतो. शिवाय एवढ्या छोट्या अ‍ॅडाप्टरचा पॉवर फॅक्टर वाईट असतो, तो करंट सलग न ओढता झटक्याझटक्याने ओढतो, त्यामुळे व्होल्ट गुणिले अँपिअर केलं तरी ते खरे वॉट होत नाहीत. आउटपुटला लिहिलंय १२ व्होल्ट १.५ अँपिअर, म्हणजे १८ वॉट, पण ती पण कमाल मर्यादाच. डबा रोज किती घेतो ते यातलं कुठलंच लेबल सांगत नाही.

म्हणून मी तुमच्या कस्टमर केअरला फोन लावला. (कुठली कंपनी ते लिहीत नाही, कारण नंतर ओळखीच्या चार जणांना करायला लावला तर चार कंपन्यांकडून साधारण तेच ऐकायला मिळालं.) "मॅडम, एकदम कमी, बल्बएवढं." कुठला बल्ब? "छोटा बल्ब मॅडम." वॉट किती? होल्डवर ठेवलं, गाणं वाजलं, परत आले आणि म्हणाले १८ वॉट. म्हणजे त्यांनीही अ‍ॅडाप्टरचंच लेबल वाचून दाखवलं. जे बाबांनी केलं तेच, फक्त दुसऱ्या ओळीवरून!

शेवटी प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर आणलं. स्वस्तातली मीटरं एवढ्या कमी लोडला थोडी भरकटतात, म्हणून नुसता स्क्रीनवरचा आकडा न बघता प्रत्येक वस्तू २४ तास लावून ठेवली आणि मग साठलेले युनिट वाचले. तुमचा फायबरचा वायफायवाला डबा सरासरी ९.१ वॉट. तुमचं वायफाय मागच्या खोलीत पोचत नाही म्हणून मी घेतलेल्या मेशच्या (म्हणजे वायफाय घरभर पुढे पोचवणाऱ्या छोट्या डब्यांच्या) दोन चकत्या, एक ५.६ आणि एक ५.२. आणि टेबलाखालचा, एका नेटच्या केबलचे फाटे करणारा पाच पोर्टचा स्विच २. सगळे मिळून २१.९ वॉट.

ऐकायला चिल्लर वाटते, मलाही वाटली. पण एक हिशोब एकदा डोक्यात बसला की जात नाही: वर्षात ८,७६० तास असतात, म्हणजे अखंड चालणारा प्रत्येक १ वॉट वर्षाला ८.७६ युनिट खातो. २१.९ वॉट म्हणजे जवळजवळ १९२ युनिट. एखादा चांगला छोटा फ्रिज वर्षभरात साधारण एवढेच युनिट खातो, आणि फ्रिज घेताना मात्र आम्ही दुकानात उभं राहून त्याचं लेबल दहा वेळा वाचतो. खरं सांगायचं तर गिझर आणि एसीपुढे हे काहीच नाही हेही मान्य, २००० वॉटचा गिझर १५ मिनिटं चालला की अर्धा युनिट उडतो आणि आमचा हा सगळा संसार दिवसभरात तेवढंच खातो. फरक एवढाच की गिझर मी लावते, मला गरम पाणी मिळतं आणि मी बंद करते. हे कोण बंद करणार?

बरं, मला वाटायचं की डबा काम असेल तेव्हा जास्त खात असेल आणि रिकामा असला की गप पडून राहत असेल, फोनसारखा. तसं अजिबात नाहीये. मी मुद्दाम मोठी फाईल फुल स्पीडने उतरवायला लावली, मीटर ९.१ वरून १०.४ वर गेलं. बस. म्हणजे घर गाढ झोपलेलं असतानाही डबा पूर्ण कामाच्या जवळजवळ ८७ टक्के वीज घेतोच. एखादा माणूस ऑफिसात काही काम नसताना फक्त खुर्चीत ताठ बसून राहण्याचा फुल पगार घेतो तसं.

का घेतो हे शोधलं तेव्हा जरा आदर पण वाटला, खोटं कशाला बोलू. जीपॉन फायबरमध्ये (एकच फायबर बऱ्याच घरांत वाटायची पद्धत) तुमच्याकडून येणारा प्रकाश वाटेतल्या स्प्लिटरमधून एकाच वेळी ३२ किंवा ६४ घरांत जातो, सगळ्यांचा डेटा सगळ्यांच्या दारात येतो आणि प्रत्येक डबा त्यातला आपला तेवढा उचलतो. सेकंदाला ८,००० फ्रेम, म्हणजे डेटाचे गठ्ठे, येतात, दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक, आणि आपलं काही आहे का हे बघायला डब्याला प्रत्येक वेळी कान टवकारून बसावं लागतं. वर पाठवायचा लेझर मात्र आपली पाळी आली की तेवढ्यापुरताच पेटतो. केबल जोडलेला साधा इथरनेट पोर्टसुद्धा, जुन्या पद्धतीत, पाठवायला काही नसलं तरी "आहे, आहे, आहे" असं तारेवर सतत बोलत राहतो.

आणि वायफाय. ते तर कहरच. तुमचं वायफायचं नाव फोनमध्ये दिसावं म्हणून डबा दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक बीकन, म्हणजे "मी इथे आहे" अशी हाक सोडतो, कोणी ऐको न ऐको. दिवसाचे झाले ८ लाख ४३ हजार ७५०, एका नावाचे, एका बँडवर. माझ्या डब्यावर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही चालू आहेत आणि माझा सगळा वापर मेशवर आहे, म्हणजे या डब्याच्या वायफायला माझ्या घरातलं एकही यंत्र जोडलेलं नाही. कोणी नसलेल्या खोलीत दिवसाला जवळपास १७ लाख हाका, आणि लाईट बिल माझ्या नावावर.

मग बंद कर ना बाई, असं म्हणाल. कसं करू? सेटिंगचा पासवर्ड तुमच्याकडे आहे!

खरी मेख इथे आहे आणि या पत्राचं कारणही हेच आहे. डबा तुम्ही निवडता, तुम्ही घाऊकमध्ये विकत घेता, तो तुमच्याच मालकीचा असतो (कनेक्शन सोडलं की परत न्यायला किती तत्परतेने येता ते सगळ्यांना माहितीये), त्यातल्या सेटिंगला कुलूप तुमचं, रात्री अपडेट तुम्ही टाकता. आणि वीज मी भरते. तुम्ही दोन वॉट जास्त खाणारा पण थोडा स्वस्त पडणारा डबा निवडलात तर फायदा तुमच्या खात्यात आणि ते दोन वॉट माझ्या मीटरवर. कमी खाणारा घेतलात तर तुम्हाला त्याचं काहीच मिळत नाही. मग तुम्ही कशाला बघाल वॉटकडे? तुमच्या जागी मी असते तर मीही नसते बघितले. तुमच्या ऑफिसातल्या सर्व्हरच्या विजेचं बिल तुम्ही भरता तेव्हा तिथे एकेक वॉट मोजणारी माणसं तुमच्याकडे असतात, ही गंमत आहे की नाही?

माझ्या चुलतभावाकडे सेम हाच डबा आहे. त्याच्याकडे आलेल्या टेक्निशियनने (देव त्याचं भलं करो) पाच मिनिटांत लॉगिन करून वायफाय बंद करून दिलं. माझं मीटर घेऊन मी त्याच्याकडे गेले, २४ तास लावलं, सरासरी ६.८ वॉट. माझ्याकडे ९.१. म्हणजे एका टिकमार्कचे २.३ वॉट, वर्षाचे २० युनिट. मी तीच रिक्वेस्ट टाकली तर उत्तर आलं की "सुरक्षेच्या कारणास्तव ही सुविधा उपलब्ध नाही". वायफाय बंद केल्याने कोणाची सुरक्षा धोक्यात येते हे मला कोणीतरी समजावून सांगा.

तुम्ही अ‍ॅपमध्ये इको मोड दिलाय, त्याबद्दल आभार. तो लावल्यावर मीटर ९.१ वरून ९ वर आलं आणि डब्यावरचे सहा लाईट विझले. मला आधी वाटलं मीटर बिघडलं. मग लक्षात आलं की इको मोड म्हणजे लाईट विझणं, एवढंच. तसल्या एका बारक्या एलईडीला वॉटचा साठावा भाग वगैरे लागतो, सहा मिळून ०.१ वॉट. आत प्रोसेसर, मेमरी, दोन्ही रेडिओ, चारही पोर्ट सगळं तसंच तापत बसलंय, फक्त बाहेरून डबा झोपल्यासारखा दिसतो. याला आमच्याकडे सोंग घेणं म्हणतात, इको नाही.

आणि खऱ्या झोपेची सोय नाहीये असंही नाही. इथरनेटसाठी आयईईई या इंजिनिअर लोकांच्या संस्थेने ८०२.३एझेड हे स्टँडर्ड २०१० साली आणलं, पाठवायला काही नसेल तर पोर्ट पेंगतो आणि काम आलं की लगेच उठतो, फक्त तारेच्या दोन्ही टोकांना ती सोय लागते. फायबरच्या डब्यांना डुलकी कशी घेऊ द्यायची, किती वेळ झोपवून कधी उठवायचं, यावर आयटीयू या दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००९ मध्ये कागद काढलाय. वायफाय ६ मध्ये जी वेळ ठरवून झोपायची सोय आली तिचा मुख्य फायदा फोनच्या बॅटरीला, आपल्या डब्याला नाही. म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूची काळजी घ्यायची आणि प्लगवरची मोकाट, हा जुना न्याय. युरोपने तरी यात थोडा हात घातला, तिथल्या २०१३ च्या नियमाने राऊटरसारखी उपकरणं नेटवर्कवर नुसती वाट बघत असताना २०१७ पासून ८ वॉटच्या वर जायची नाहीत असं ठरवलं, आणि वायरलेस बंद करायची सोय वापरणाऱ्याला द्यायलाच हवी असंही सांगितलं. हो, वापरणाऱ्याला, टेक्निशियनला नाही. शिवाय तिथे ब्रॉडबँड उपकरणांसाठी एक ऐच्छिक आचारसंहिता आहे, त्यात एका पोर्टला किती, एका रेडिओला किती असे वॉटचे तक्ते आहेत आणि सही करणाऱ्या कंपन्या आपले आकडे कळवतात. त्यामुळे "असं मोजणं अवघड असतं हो" हे तरी मला सांगू नका. तक्ता भरण्याइतकं मोजता येतं, खोक्यावर छापायचं म्हटलं की अवघड होतं?

अ‍ॅडाप्टरबद्दल एक चांगली गोष्ट सांगते नाहीतर म्हणाल नुसती रडतेय. पूर्वीचे ते विटेसारखे जड, आत तांब्याची गुंडाळी असलेले अ‍ॅडाप्टर नुसते प्लगमध्ये असले तरी गरम व्हायचे. आताच्या अ‍ॅडाप्टरवर बारीक अक्षरात एक रोमन आकडा असतो, तो त्याचा कार्यक्षमतेचा दर्जा. रोमन सहा असेल तर आपल्या राऊटरच्या साईजचा अ‍ॅडाप्टर रिकामा लावून ठेवला तरी ०.१ वॉटपेक्षा जास्त घेत नाही. म्हणजे बाबा रोज रात्री जो चार्जर बंद करायला उठतात त्यात आता फार काही उरलेलं नाही, आणि ज्याला हात लावत नाहीत तो ९ वॉट खात बसलाय. हे मी बाबांना अजून सांगितलेलं नाही.

पण हाच अ‍ॅडाप्टर म्हातारा झाला की काय होतं ते पण ऐका. मागे दोन महिने आमचं नेट संध्याकाळी आपोआप बंद चालू व्हायचं. तुमच्या माणसाने आधी फायबरचा जोड बदलला, मग डबा बदलला, मग पुन्हा डबा बदलला, आणि दोन्ही वेळा जुनाच अ‍ॅडाप्टर नव्या डब्याला लावून गेला. शेवटी बाबांच्या मल्टीमीटरने बघितलं तर नुसता अ‍ॅडाप्टर १२.१ व्होल्ट दाखवतो, डबा जोडून सगळे जण वायफायवर आले की ९ च्या खाली घसरतो आणि डबा रिस्टार्ट. आतला कपॅसिटर सुकला होता. या कपॅसिटरचा हिशोब असा की दर १० अंश जास्त तापमानाला आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि तुम्ही डबा, अ‍ॅडाप्टर आणि वायरचं भेंडोळं एका बंद प्लॅस्टिकच्या पेटीत कोंबून ठेवलं होतंत. दोन चांगले डबे भंगारात गेले असणार. वॉट कमी असते तर उष्णता कमी, उष्णता कमी असती तर हा अ‍ॅडाप्टर अजून जगला असता.

अजून एक जागा आहे जिथे वॉट माहीत नसल्याचा मला थेट फटका बसला, ती म्हणजे लाईट गेल्यावर. फायबरला स्वतःला वीज लागत नाही, वाटेतल्या स्प्लिटरलाही नाही, त्यामुळे घरातला डबा जिवंत ठेवला की बऱ्याचदा नेट चालू राहतं. म्हणून मिनी यूपीएस घेतला. खोक्यावर ८,००० एमएएच. मी म्हटलं डबा आणि एक मेश मिळून साधारण १ अँपिअर घेतात, म्हणजे ८ तासांची निश्चिंती. चालला दोन तास! मीटिंगमध्ये मी बोलत होते आणि समोरच्यांना माझा अर्ध्या वाक्यातला, तोंड उघडं असलेला चेहरा गोठलेला दिसला म्हणे. नंतर कळलं की ते ८,००० एमएएच आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलवरचे असतात, म्हणजे खरी ऊर्जा २९.६ वॉटअवर (हजार वॉटअवर म्हणजे एक युनिट), त्यात १२ व्होल्टपर्यंत चढवताना थोडी गळती, उरले २५ च्या आसपास, आणि अ‍ॅडाप्टरच्या पुढे खप साडेबारा वॉट. भागाकार करा, दोनच येतात. यूपीएसवाल्यांना वेगळं पत्र लिहीन. पण तुमच्या खोक्यावर वॉट छापलेले असते तर हा भागाकार मी घेण्याआधी केला असता.

मागणी काय आहे तर फार नाही. डब्यावर आणि कनेक्शनच्या कागदावर रिकामा असताना किती वॉट आणि फुल कामात किती वॉट हे दोन आकडे छापा, अ‍ॅडाप्टरचे नव्हे, डब्याचे, भिंतीतल्या प्लगवर मोजलेले. वायफाय बंद करायचं आणि त्याला वेळ लावायचं बटण ग्राहकाच्या हातात द्या. नवीन डबे मागवताना टेंडरमध्ये रिकाम्या अवस्थेतल्या वॉटला मार्क द्या. ज्यांच्याकडे नेटवरचा लँडलाईन किंवा चोरीचा अलार्म आहे त्यांना डबा रात्री बंद करता येणार नाही हे मला कळतं, म्हणूनच तर डब्याला स्वतःला नीट झोपता यायला हवं, प्लग उपटणं हा काय उपाय झाला?

तोपर्यंत मी माझ्यापुरता प्लगच उपटतेय. तुमच्या डब्याला गोल चकतीचा टायमर लावला, रात्री १ ते सकाळी ६ बंद. पाच तासांचे ४५ वॉटअवर वाचले म्हणून खूश होते, मग बाबांनी टायमरलाच मीटर लावलं. त्याची मोटर दिवसरात्र १ वॉट खाते, म्हणजे रोजचे २४ वॉटअवर. निम्म्याहून जास्त बचत टायमरनेच फस्त केली! म्हणून आता टायमर अख्ख्या एक्स्टेंशन बोर्डाला लावलाय, मेश, स्विच, सगळं एकदम बंद होतं, आणि टायमरचा खर्च वजा जाऊन रोजचे ८५ वॉटअवर हाताला लागतात. तुमच्या सिस्टीमवर माझं कनेक्शन रोज रात्री १ वाजता मेलेलं दिसत असेल. टेक्निशियन पाठवू नका, बिघाड नाहीये. पाठवायचाच असेल तर पासवर्ड घेऊन पाठवा.

तुमचीच,
एक ग्राहक
(आणि मीटर हातात घेतलेले बाबा)